बेथेलची मंडळी : जालन्याच्या प्रेस्बिटेरियन वसाहतीच्या मूळकथांचें परीक्षण

(१)

जालना शहराजवळ बेथेल नांवाची एक ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभी राहिली. हिब्रू भाषेंत या नांवाचा अर्थ ‘देवाचें घर’ असा होतो. स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनचे एतद्देशीय पाळक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं ती वसविली, आणि तिचे मूळचे रहिवासी बहुतेक मांग जातीचे होते, एवढी गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु ती कां वसली व कोणाच्या बळावर वसली, या प्रश्नास जीं उत्तरें दिलीं जातात तीं परस्परांशीं जुळत नाहींत. एका मतें ती एका श्रद्धावान् पुरुषाची कृति. दुसऱ्या मतें दुष्काळांतील अन्नाचा परिणाम. तिसऱ्या मतें परकी सत्तेच्या आश्रयानें झालेला समाजभेद. प्रस्तुत लेखांत या तिन्ही मतांची कालानुक्रमाच्या व साधनांच्या कसोटीवर छाननी करण्याचा विचार आहे. धर्मांतर इष्ट कीं अनिष्ट, हा या लेखाचा विषय नव्हे. एका खेडवळ मंडळीचा इतिहास लिहितांना त्यांत मंडळीलाच जागा राहते कीं नाहीं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

(२)

प्रथम साधनांविषयीं. फ्री चर्चच्या पश्चिम हिंदुस्थानांतील कार्याचीं प्रमुख इंग्रजी साधनें म्हणजे रॉबर्ट हंटर याचा हिंदुस्थान व आफ्रिका येथील मिशनांचा इतिहास (१८७३), जॉर्ज स्मिथ यानें लिहिलेलें डॉ. जॉन विल्सन याचें चरित्र (१८७८) आणि मरे मिचेल याच्या पश्चिम हिंदुस्थानांतील आठवणी (१८९९) हीं होत. हंटर हा नागपूरच्या मिशनांत स्टीफन हिस्लॉपचा सहकारी होता. मिचेल १८३८ सालीं मुंबईस आला. तेव्हां या लेखकांस माहिती नव्हती असें म्हणतां येत नाहीं. परंतु माहिती असणें वेगळें व ती कोणासाठीं मांडली हें वेगळें. हे ग्रंथ मुख्यतः स्कॉटलंडमधील वाचकांसाठीं लिहिलेले आहेत, आणि ज्यांच्या वर्गणीवर मिशनचा खर्च चालत असे ते लोक त्याच वाचकवर्गांतले. आपण दिलेल्या पैशाचें चीज झालें हें पाहण्याची त्यांची इच्छा स्वाभाविक होती. म्हणून अशा ग्रंथांत सुशिक्षित ब्राह्मण व पारशी यांच्या बाप्तिस्म्यास जें स्थान मिळतें तें खेड्यांतील मांगास मिळत नाहीं. पहिल्यास नांव, घराणें व मनांतील संशयांचा इतिहास असतो. दुसऱ्यास बहुधा संख्या असते. शिवाय मिचेलचें लेखन मूळ घटनांनंतर कित्येक वर्षांनीं झालेलें आहे, आणि आठवणींचें स्वरूप असें कीं शेवट ठाऊक असलेला मनुष्य आरंभालाहि त्याच शेवटाचा रंग देतो.

मराठी साधनें याहून तुटक आहेत, परंतु त्यांचें मोल कमी नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघूं लागलें. त्यांत मिशनच्या बातम्यांबरोबर महाराष्ट्रांतील वादविवादांचेंहि प्रतिबिंब पडलेलें आहे. दुसरीकडे बाळशास्त्री जांभेकर यांच्यासंबंधींच्या वाङ्मयांत शेषाद्री घराण्याचें नांव येतें, पण तें नारायणरावांच्या धाकट्या भावाच्या निमित्तानें. याचा परिणाम असा झाला आहे कीं, मराठी वाचकास शेषाद्री हें नांव मुंबईच्या एका खटल्यापुरतें ठाऊक असतें, आणि इंग्रजी वाचकास तें जालन्याच्या यशापुरतें ठाऊक असतें. हे दोन अर्धे एकत्र ठेविल्याशिवाय बेथेलचा उगम कळणार नाहीं.

(३)

१८४३ हें साल या प्रकरणांत दोन ठिकाणीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षींच्या मे महिन्यांत एडिंबरोस स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्यें फूट पडली. मंडळीवर पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदार आश्रयदात्याचा कीं मंडळीचा, हा त्या फुटीच्या मुळाशीं असलेला वाद होय. टॉमस चामर्स याच्या पुढारपणाखालीं सुमारें साडेचारशें पाळकांनीं आपलीं घरें व वेतनें सोडून फ्री चर्च स्थापिलें. मुंबईचे विल्सन, नेस्बिट व मिचेल हेहि त्याच पक्षास मिळाले.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत मुंबईस रॉबर्ट नेस्बिट यानें नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्यास बाप्तिस्मा दिला. पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें बारा वर्षें, मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. पित्यानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. नेस्बिटवर हुकूम निघाला, आणि न्यायाधीश अर्स्किन पेरी यानें मुलगा बापाच्या स्वाधीन करविला. येथून मुंबईच्या ब्राह्मणवर्गांत मोठा वाद माजला. मिशनऱ्यांच्या घरीं राहिलेल्या मुलास पुन्हां जातींत घेतां येईल काय? बाळशास्त्री जांभेकरांनीं घेतां येईल असा पक्ष धरिला, मुलास काशीस पाठवून प्रायश्चित्त देवविण्याचा उद्योग केला, आणि त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष पत्करिला. मराठी इतिहासांत शुद्धीच्या प्रश्नाचा आरंभ या प्रकरणापासून धरितात तें योग्यच आहे.

परंतु मराठी इतिहासकार येथें थांबतो. धाकटा भाऊ परत आला, वाद संपला, प्रकरण मिटलें. थोरला भाऊ पुढें फ्री चर्चचा दीक्षित पाळक झाला, इंदापूरच्या बाजूस मांगांमध्यें वावरला, आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत निजामच्या मुलखांत जालन्यास जाऊन राहिला, याकडे आपल्या इतिहासाचें लक्ष नाहीं. एका ब्राह्मण मुलाच्या परत येण्यासाठीं शास्त्रार्थ झाले. जालन्याच्या मांगांच्या जाण्यावरून असा कोणताहि शास्त्रार्थ माजल्याचें प्रसिद्ध नाहीं. गांवकुसाबाहेरचा मनुष्य गेला तर गांवाचें कांहीं गेलें असें गांवास वाटलें नाहीं. बेथेलच्या इतिहासांतील ही पहिली ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट होय.

(४)

स्थानाचा विचार केल्याशिवाय मंडळीचा विचार होत नाहीं. जालना हें कुंडलिका नदीच्या कांठचें जुनें व्यापाराचें शहर. येथून कांहीं कोसांवर असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीनें पराभव केला. पुढें जालन्यास लष्करी छावणी झाली, आणि हैदराबाद कंटिंजंट नांवाची, निजामच्या खर्चानें पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं असलेली, फौज तेथें राहूं लागली. म्हणजे शहर व परगणा निजामचा, छावणीवर मात्र रेसिडेंटाची छाया, अशी दुहेरी सत्ता या ठिकाणीं होती. छावणीमुळें बाजार होता, मजुरी होती, निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांची ये-जा होती. खेड्यांतील मांगास पाटलाच्या नजरेबाहेर चार पैसे मिळण्याची व चार नवीन गोष्टी ऐकण्याची ही एक जागा होती.

आजूबाजूच्या खेड्यांत या मांगाची स्थिति काय होती? तो बलुतेदार होता. अंबाडीचे व घायपाताचे दोर वळणें, चऱ्हाटें व केरसुण्या पुरविणें, लग्नांत व जत्रेंत हलगी वाजविणें, वेशीचा पहारा करणें, हीं कामें त्याचीं. आणि सुगीस खळ्यावर बलुत्याचा वांटा हा त्याचा हक्क. हा हक्क वंशपरंपरेचा खरा, पण तो कामाशीं व कामाबरोबर येणाऱ्या देवकार्याशीं जखडलेला. जो मरीआईच्या जत्रेंत हलगी वाजविणार नाहीं त्यास खळ्यावर काय म्हणून वांटा द्यावयाचा, असा प्रश्न गांवानें विचारला तर तो गांवच्या न्यायानें चुकीचा नव्हता. म्हणून खेड्यांतील धर्मांतर हा केवळ मनाचा व्यवहार नसे; धर्म बदलणें म्हणजे सुगीचा वांटा धोक्यांत घालणें होय. कंपनीच्या मुलखांत धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क बुडूं नये म्हणून १८५० सालीं एकविसावा कायदा झाला होता. निजामच्या मुलखांत त्याचा अंमल नव्हता. स्वतंत्र जमिनीची गरज येथूनच उत्पन्न झाली, असें आम्हांस वाटतें.

(५)

आतां पहिलें मत घेऊं : बेथेल ही एका पुरुषाची कृति. शेषाद्रींचें कर्तृत्व असामान्य होतें यांत संशय नाहीं. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून साऱ्याच्या सवलतीनें जमीन मिळविणें, तेथें घरें, विहिरी, शाळा व उपासनामंदिर उभें करणें, आणि त्यासाठीं देशोदेशीं पैसा जमविणें हें कोणा सामान्य मनुष्याचें काम नव्हे. १८७३ च्या आक्टोबरांत न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत हे पागोटेंधारी गृहस्थ अस्खलित इंग्रजींत बोलले, तेव्हां श्रोत्यांस मोठें कौतुक वाटलें. १८९१ सालीं अशाच एका प्रवासांत समुद्रावर त्यांचा अंत झाला.

परंतु कर्ता एक असला तरी त्याचें ऐकणारे आधीं तयार असावे लागतात. १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’ंत मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता ही पुण्यास जोतीराव फुल्यांच्या शाळेंत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी होती. वेदांवर आमचा अधिकार नाहीं तर आमचें धर्मपुस्तक कोणतें, आणि धर्मपुस्तक नाहीं तर आम्ही धर्मरहित कीं काय, अशा आशयाचा सवाल तिनें त्यांत घातला आहे. ही मुलगी ख्रिस्ती नव्हती, जालन्याची नव्हती, शेषाद्रींची शिष्याहि नव्हती. तरी तिच्या निबंधावरून एवढें सिद्ध होतें कीं, शेषाद्री जालन्यास जाण्यापूर्वींच मांगांमध्यें धर्माचा प्रश्न उपस्थित झालेला होता, आणि तो कोणी परक्यानें त्यांच्या तोंडीं घातलेला नव्हता. जालन्याच्या प्रत्येक मांगाच्या मनांत हाच विचार होता असें यावरून ठरत नाहीं. मात्र तो केवळ ऐकणारा होता, विचारणारा नव्हता, हें गृहीत धरण्यास आधार उरत नाहीं. मिशनच्या ग्रंथांचा मुख्य दोष हाच कीं त्यांत बी पेरणारा आहे, जमीन मात्र मुकी आहे.

(६)

दुसरें मत दुष्काळाचें. पोटासाठीं बाटले, या दोन शब्दांत ते संपतें, आणि तें इतकें प्रचलित आहे कीं त्यास पुरावा मागण्याची गरज कोणास वाटत नाहीं. पण येथें कालानुक्रमच आड येतो. दक्षिणेंतील मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. त्यानंतरचे १८९६-९७ व १८९९-१९०० चे. १८७३ सालीं शेषाद्री न्यूयॉर्कास बोलले तेव्हां जालन्याच्या मांगांची मंडळी व बेथेलची वसाहत या दोन्ही गोष्टी अस्तित्वांत होत्या. जें कार्य आधीं झालें त्याचें कारण मागाहून आलेल्या दुष्काळांत शोधणें हें इतिहासाचें काम नव्हे.

यावर असा आक्षेप येईल कीं, अन्नाचा लोभ नसेल, जमिनीचा तर होता. हा आक्षेप विचारार्ह आहे. पुढील दुष्काळांत दख्खनच्या अनेक मिशनांची संख्या वाढली हेंहि खरें, आणि बेथेलला त्यांतून वगळण्याचें कारण नाहीं. परंतु अन्नाची इच्छा व जमिनीची इच्छा या एक नव्हेत. भुकेल्यास आजची भाकर हवी असते. जमीन मागणारा मनुष्य नांगर, बैल, पेरणी व सुगी मागतो. म्हणजे पुढील वर्षाची काळजी आपल्या शिरावर घेऊं इच्छितो. ज्याची पिढ्यान् पिढ्या खळ्याच्या कडेला उभें राहून वांटा घेण्यांत गेली त्यानें स्वतः खळें करावयाचें म्हटलें, तर त्यास लोभ म्हणावें कीं स्वाभिमान म्हणावें? कुणब्यानें पडीक जमिनीचा कौल घेतला म्हणजे आपण त्यास उद्योगी म्हणतों. मांगानें घेतला म्हणजे त्यास पोटार्थी म्हणतों. हा भेद साधनांत नाहीं, तो वाचणाराच्या दृष्टींत आहे.

(७)

तिसऱ्या मताप्रमाणें हें सर्व परकी सत्तेच्या बळावर झालें. छावणीचा आश्रय व स्कॉटलंडचा पैसा नाकारतां येत नाहीं. पण जमीन दिली ती इंग्रज सरकारनें नव्हे, तर निजामच्या दिवाणानें. एका मुसलमान मंत्र्यानें, जन्मानें ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाळकास, मांगांच्या वस्तीसाठीं जमीन द्यावी, ही घटना वरील सूत्रांत बसत नाहीं.

ती कोठें बसते हें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. मराठी दप्तरांचा ज्यास परिचय आहे त्यास गांव किंवा पेठ वसविण्याची जुनी रीत ठाऊक आहे. ओसाड जागेवर वस्ती करावयाची तर सरकार एकाद्या कर्त्या पुरुषास कौल देई. त्यानें बाहेरून रयत आणावी, झाडी तोडावी, विहीर खणावी. आरंभीचीं वर्षें सारा माफ किंवा हलका, पुढें इस्ताव्यानें क्रमाक्रमानें पूर्ण. वस्ती भरली कीं सरकारचें उत्पन्न वाढे व वसविणाराचा मान वाढे. सालारजंग १८५३ ते १८८३ पर्यंत दिवाण होते. १८६५ ची जिल्हाबंदी व वसुलाची नवी व्यवस्था हीं त्यांच्याच कारकीर्दींतलीं कामें. पडीक जमीन लागवडीस आणणारा मनुष्य अशा मंत्र्यास कोणत्याहि धर्माचा चालला असता. यावरून बेथेलचें नांव हिब्रू, पंथ स्कॉटिश, पण वसण्याची तऱ्हा अस्सल दख्खनी, असें आमचें अनुमान आहे. शेषाद्रींस मिशनच्या ग्रंथांत दूत म्हटलें आहे. दख्खनच्या इतिहासांत त्यांचें स्थान कौल घेऊन गांव वसविणाऱ्या जुन्या पुरुषांच्या मालिकेंत आहे.

(८)

येथें एक विसंगति पुढें येते, आणि तिजकडे कोणत्याच मतवाद्यानें पाहिलेलें नाहीं. प्रेस्बिटेरियन पंथाचें वैशिष्ट्य धर्ममतापेक्षां कारभाराच्या पद्धतींत अधिक आहे. बिशप नाहीं. मंडळी आपल्यांतून वडील निवडते. वडील व पाळक मिळून मंडळीचा कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील मिळून प्रेस्बिटरी होते, आणि तिजवर सिनड व महासभा. वर सांगितल्याप्रमाणें फ्री चर्चचा जन्मच मुळीं जमीनदारानें पाळक लादूं नये या आग्रहांतून झाला.

आणि बेथेलमध्यें काय झालें? जमीन ज्यांच्या शब्दावर मिळाली, पैसा ज्यांच्या शब्दावर आला, तेच मंडळीचे पाळक. कूळ म्हणून ज्यांच्याकडे गाऱ्हाणें न्यावयाचें त्यांच्याच हातून प्रभुभोजन घ्यावयाचें. ज्या आश्रयदातृत्वाविरुद्ध एडिंबरोचे पाळक घरें सोडून निघाले, तेंच दुसऱ्या रूपानें जालन्याच्या माळावर उभें राहिलें. हा शेषाद्रींच्या स्वभावाचा दोष असें आम्ही म्हणत नाहीं. गांव वसविण्याच्या जुन्या रीतींतच तो होता, कारण वसविणारा हा पाटील होतोच. पण जन्मानें ब्राह्मण पाटील व मांग रयत हा जुना संबंध नव्या नांवानें चालूं राहण्याची भीति तेथें होती, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. गांवच्या पंचांत मांगास बसावयास जागा नव्हती; चावडीवर तो पायरीखालीं उभा राही. वडिलांच्या सभेंत मात्र पंथाच्या नियमानेंच त्यास आसन होतें. तेथें त्यास मत देतां येई, हिशेब विचारतां येई, आणि दुसऱ्याच्या वर्तनाची चौकशी करतां येई. ही पद्धति प्रत्येक वेळीं नियमाप्रमाणें चालली असें नव्हे, पण नियम लिहिलेला होता, आणि लिहिलेल्या नियमाकडे बोट दाखवितां येतें. बलुत्याच्या व्यवस्थेंत मांगाच्या बाजूनें बोट दाखविण्यासारखें असें कांहीं नव्हतें. आमच्या मतें या मंडळीच्या इतिहासांतील खरी घडामोड बाप्तिस्म्याच्या संख्येंत नसून, आश्रयदात्यानें वसविलेल्या गांवांत वडिलांच्या सभेचा नियम कसा रुजला, यांत आहे.

(९)

पुढील वृत्तांत थोडक्यांत असा. १९०० सालीं फ्री चर्च व युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च एक झालें, आणि १९२९ सालीं त्या संयुक्त चर्चचा बहुतेक भाग राष्ट्रीय चर्चमध्यें परत मिळाला; म्हणजे १८४३ ची फूट स्कॉटलंडांत मिटली. हिंदुस्थानांत १९०४ सालीं प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची एक देशव्यापी संघटना झाली. १९२४ सालीं काँग्रिगेशनल मंडळ्यांस मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी बनली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत विलीन झाली. या शेवटच्या संस्थेंत बिशप आहेत. ज्या पंथाचें नांवच वडिलांच्या कारभारावरून पडलें तो अशा रीतीनें बिशपांच्या व्यवस्थेंत येऊन पोंचला. इकडे राज्यव्यवस्थाहि पालटली. १९०३ सालीं हैदराबाद कंटिंजंटचें स्वतंत्र अस्तित्व संपलें. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी गेली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. छावणी, दिवाण, मिशन हे तिन्ही आश्रय गेले. उरली ती मंडळी. आश्रय गेल्यावरहि जें टिकतें तें केवळ आश्रयानें उत्पन्न झालें होतें असें म्हणणें कठीण आहे.

(१०)

सारांश, एका पुरुषाची कृति हें मत अपुरें आहे, दुष्काळाचें मत कालविरुद्ध आहे, आणि परकी सत्तेचें मत अर्धवट आहे. बेथेलच्या उगमास चार गोष्टी कारण झाल्या : छावणीनें दिलेली मोकळीक, दिवाणाचा कौल, शेषाद्रींचें कर्तृत्व, आणि खळ्याच्या कडेवरून खळ्याच्या आंत येण्याची मांगांची इच्छा. पहिल्या तिहींची नोंद मोठ्या ग्रंथांत झाली. चौथीची झाली नाहीं, कारण ती इच्छा करणारांच्या हातीं लेखणी नव्हती.

प्रेस्बिटेरियन मंडळीची एक शिस्त मात्र इतिहासाभ्यासकाच्या उपयोगाची आहे. बाप्तिस्मे, विवाह, मृत्यु व वडिलांच्या सभांचे ठराव लिहून ठेवण्याचा तिचा परिपाठ. पेशवे दप्तरांतील एकाद्या कौलासाठीं आपण जितके श्रम घेतों तितके अशा वह्यांसाठीं घ्यावे, एवढीच मराठवाड्यांतील अभ्यासकांस विनंति आहे. त्यांत दिवाण-दरबाराच्या गोष्टी नसतील. पण जो मांग खेड्याच्या हिशेबांत केवळ ‘मांग’ म्हणून बलुत्याच्या वांट्यापुरता येत असे, त्याचें स्वतःचें नांव, बापाचें नांव व गांवाचें नांव अशा वहींतच एका ओळींत लिहिलेलें सांपडावयाचें. बेथेलचा इतिहास त्या ओळीपासून लिहावयास पाहिजे.